ट्रान्सिल्व्हेनियातल्या सॅक्सन घरांचे चेहरे: चुना, नीळ आणि भिंतीवरची अक्षरं

निळीशाई

रोमानियात ब्राशोव्हला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. रविवारी डबा भरायचा, गाडी काढायची आणि एखादं गाव गाठायचं असा नेमच पडलाय. सुरुवातीला जायचो ते चर्च बघायला. ट्रान्सिल्व्हेनियातली तटबंदीची चर्चं प्रसिद्ध आहेत. बिएर्तान १९९३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, १९९९ मध्ये व्हिस्क्री, सास्कीझ, प्रेज्मेर, कल्निक, वालेआ व्हीलोर आणि दर्जिउ यांची भर पडली. ती सगळी पाहून झाली. मग एकदा व्हिस्क्रीत जोराचा पाऊस आला, म्हणून चर्चचा चढ न चढता एका दाराच्या कमानीखाली उभी राहिले आणि समोरच्या घराकडे अर्धा तास बघत बसले. तेव्हापासून मी जाते ती या घरांसाठीच, इथे शतकानुशतकं राहिलेल्या जर्मन भाषिक सॅक्सनांनी बांधलेल्या.

गाव म्हणजे एक रुंद रस्ता. कडेने गवताचा पट्टा, पाण्याचा चर, नासपतीची नाहीतर अक्रोडाची झाडं आणि मग घरांची सलग रांग. घर रस्त्याला आडवं नसतं, उभं असतं. लांबट घराची अरुंद बाजू तेवढी रस्त्याला लागते, बाकीचं घर अंगणाच्या एका कडेने मागे मागे जातं. अंगणाच्या शेवटी आडवं धान्याचं कोठार, त्यामागे परसू आणि फळबाग. दोन घरांमध्ये उंच भिंत, त्या भिंतीत गाड्यांसाठी कमानीचा मोठा दरवाजा आणि त्याच्या शेजारी माणसांपुरता छोटा. आपल्याकडे वाड्याचा दिंडी दरवाजा मोठ्या दाराच्या पोटातच असतो, इथे बहुतेकदा तो बाजूला वेगळा. घर, दार, घर, दार असं एका टोकापासून पाहिलं तर सगळा रस्ता म्हणजे एक तटच वाटतो.

म्हणजे गावाला दिसते ती जेमतेम दोन खिडक्यांची भिंत आणि तिच्या डोक्यावरचा छपराचा त्रिकोण. एवढ्याशा जागेत काय काय केलंय! दोन्ही कोपऱ्यांना गिलाव्यातच उठवलेले चपटे खांब. खिडक्यांभोवती कंगोऱ्यांची चौकट, वर भुवईसारखी पट्टी. भिंत संपून त्रिकोण सुरू होतो तिथे पुढे आलेली एक आडवी पट्टी, पावसाचं पाणी भिंतीवर ओघळू नये म्हणून. त्रिकोणात दोन झरोके, कारण पोटमाळ्यावर धान्य असायचं आणि त्याला वारा हवा. त्रिकोणाचं टोकही सरळ सोडलेलं नसतं. ते कापून तिथे छपराचं आणखी एक चिमुकलं पाखं खाली उतरवतात, टोपी कपाळावर ओढावी तसं. आणि उरलेल्या जागेत चुन्याची नक्षी. द्राक्षांचे वेल, चांदण्या, फुलांच्या कुंड्या, गव्हाच्या लोंब्या.

आणि अक्षरं. घर बांधल्याचं वर्ष, मालकाच्या नावाची आद्याक्षरं, कधी पूर्ण नाव, कधी बायबलातली किंवा घराला आशीर्वाद देणारी एखादी ओळ. 'आन गॉटेस झेगन इस्ट आलेस गेलेगन', म्हणजे सारं काही देवाच्या आशीर्वादावर, ही जर्मन घरांवर ठिकठिकाणी आढळणारी म्हण. त्या प्रकारच्या ओळी.

मला या अक्षरांनीच धरून ठेवलंय. देवळावर, राजवाड्यावर बांधणाऱ्याचं नाव असतं, त्यात नवल नाही. पण गाई-डुकरं पाळणाऱ्या, द्राक्षं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी ओळीने, घरामागून घर, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशा उंचीवर आपलं नाव लिहून ठेवलंय, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आज त्या भिंतींमागे राहणाऱ्या बहुतेकांना ती अक्षरं वाचता येत नाहीत. लिहिणाऱ्यांची नातवंडं जर्मनीत आहेत. आणि गिलावा पडतोय. दर खेपेला गेलं की कुठल्या तरी घराचं एखादं अक्षर कमी झालेलं असतं.

इथे कुणी वास्तूवाले, इतिहासवाले, जर्मनीत राहणारे असाल तर बोला.

रानवाटा

फार सुंदर लिहिलंयत. एक प्राथमिक शंका. सॅक्सन म्हणजे ड्रेस्डेन, लाइपझिगकडचे ना? ते रोमानियाच्या डोंगरात कसे पोचले?

निळीशाई

रानवाटा, मलाही आधी तसंच वाटायचं. पण नाव सॅक्सन असलं तरी हे लोक सॅक्सनीचे नव्हेत. बाराव्या शतकाच्या मध्याला हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने आपल्या राज्याची पूर्वेकडची सीमा वसवायला पश्चिमेकडून लोक बोलावले. ते आले मुख्यतः ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या खोऱ्यातून, आजच्या लक्झेंबर्गच्या बाजूने. त्यांची बोली आजही लक्झेंबर्गच्या भाषेला जवळची आहे. हंगेरीच्या दरबारी कागदपत्रांत त्यांना 'साक्सोनेस' म्हटलं गेलं आणि तेच चिकटलं. २००७ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातलं सिबिउ आणि लक्झेंबर्ग ही दोन शहरं एकाच वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली, त्यामागे हेच जुनं नातं.

या भिंती समजायला एक तारीख महत्त्वाची आहे. १२२४ मध्ये राजा दुसरा अँड्र्यू याने त्यांना सनद दिली. त्या सनदेच्या प्रदेशात ते थेट राजाचे प्रजाजन. मध्ये सरदार नाही, जमीनदार नाही. आपले न्यायाधीश आपणच निवडायचे, धर्मगुरूही आपणच. कुळ म्हणून कुणाच्या मळ्यात राबायचं नाही. सगळ्यांच्या जमिनीच्या पट्ट्या साधारण सारख्या रुंदीच्या, म्हणून रस्त्यावरची घरंही सारख्या मापाची. गावात हवेली नाही, सगळ्यांत उंच काय तर चर्च. मला वाटतं, स्वतःचं नाव भिंतीवर लिहायची सवय या मातीतून आली. मात्र सगळीच सॅक्सन गावं या सनदेत नव्हती. मलंक्राव्ह हे सरदार घराण्याच्या ताब्यातलं गाव, तिथले सॅक्सन शेतकरी बांधलेली कुळंच होती. ट्रान्सिल्व्हेनियातली वेठबिगारी १८४८ मध्ये उठली.

आणि एक. आज उभी आहेत ती घरं बाराव्या शतकातली नाहीत. १२४१ चा मंगोल हल्ला, पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या, आगी. जुनी घरं लाकडाची, ती जळत गेली. म्हणूनच तर चर्चभोवती तट बांधले. हल्ला आला की सगळं गाव आत. खारवलेल्या मांसाचे तुकडे बुरुजात टांगून ठेवायचे. दगड-विटांची ही सजवलेली घरं बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या राजवटीत जरा शांतता आल्यानंतरची. कोपऱ्यातले चपटे खांब आणि वळणदार पट्ट्या शहरातल्या बरोक इमारतींवरून गावच्या गवंड्यांनी उचलल्या.

आंबोलीकर

द्राक्षाचे वेल का? चर्चमधल्या द्राक्षारसामुळे?

निळीशाई

तेही असेल. पण तर्नावा नदीचं खोरं हाच मुळी द्राक्षांचा मुलूख. जर्मनमध्ये त्याला 'वाइनलांड' म्हणायचे. वालेआ व्हीलोर या नावाचा अर्थच द्राक्षमळ्यांची दरी. घरांखाली दारूची तळघरं असायची, म्हणून त्या बाजूची घरं जरा उंच जोत्यावर आणि खिडक्याही उंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा ही कीड युरोपभर पसरली आणि तिने इथलेही मळे खाल्ले. बऱ्याच टेकड्यांवर आज मळ्यांच्या पायऱ्या तेवढ्या दिसतात, वर नुसतं गवत. भिंतीवर मात्र घड आहेत.

चुनखडी

निळीशाईताई, मी सातारा जिल्ह्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. तुमचं वर्णन वाचून पहिला प्रश्न मनात आला तो असा: गिलावा पडतोय म्हणता, तो नेमका कुठून पडतोय? वरून की पायथ्याकडून? आणि पायथ्याला काय लावलंय?

निळीशाई

चुनखडी, तुम्ही विचारलंत म्हणून कालच्या फोटोंमध्ये मुद्दाम पाहिलं. जवळजवळ प्रत्येक घराला खाली गुडघ्याएवढा किंवा कमरेएवढा सिमेंटचा करडा पट्टा आहे. गिलावा पडतोय तो त्या पट्ट्याच्या लगेच वर, आणि तिथून वर चढत खिडकीखालपर्यंत.

चुनखडी

मग रोग तोच, जो आमच्याकडे आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की बाकीचं सगळं कळतं.

जुनी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. दगड-वीट आणि चुन्यात सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून ओल चढते. चुन्याचा गिलावा ही ओल अडवत नाही. ती बाहेर येते, वाऱ्याने उडून जाते, भिंत पुन्हा कोरडी. म्हणून चुन्याची भिंत पायथ्याशी थोडी काळपट दिसते, पण शंभर-दीडशे वर्षं टिकते. आता कुणीतरी म्हणतं, ही ओल घाण दिसते, सिमेंट मारून टाका. सिमेंट घट्ट. ओल बाहेर येईना, मग ती आणखी वर चढते आणि जिथे सिमेंट संपून चुना सुरू होतो तिथे बाहेर पडते. येताना जमिनीतले क्षार बरोबर आणते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात, फुगतात आणि गिलावा आतून ढकलून टाकतात. तुमच्याकडे त्यावर बर्फ. अडकलेलं पाणी गोठलं की तेही फुगतं. नक्षी पडते ती म्हणून.

उपाय महागडा नाही, चिकाटीचा आहे. सिमेंटचा पट्टा काढा, भिंतीशी साचलेली माती खाली घ्या, पाण्याला उतार द्या, भिंत एक उन्हाळा तशीच उघडी ठेवून वाळू द्या, मग चुन्याचाच गिलावा. वर प्लास्टिकचा रंग नको, चुन्याचीच सफेदी. नक्षीची पट्टी तुटली असेल तर उरलेल्या तुकड्यावरून पत्र्याचा साचा कापायचा, ओल्या गिलाव्यावरून तो साचा सलग ओढायचा, कंगोरे आपोआप उमटतात. जुन्या गवंड्यांची हीच पद्धत, तिथेही आणि इथेही. मात्र फुलं-वेल साच्याने होत नाहीत. ते हाताने थापीवर घेऊन, ओल्यात, एका दमात करावे लागतात. त्यासाठी चुना नीट विरवलेला पाहिजे. घाईघाईने भिजवलेल्या चुन्यात न विरलेले कण राहतात आणि ते महिन्यांनी भिंतीत फुटतात.

अजून एक पाहा. नक्षी बोथट झालेली दिसते का? कळ्यांच्या कडा गेलेल्या, अक्षरं फुगल्यासारखी?

निळीशाई

अगदी तशीच! मला वाटायचं पावसाने झिजली.

चुनखडी

झिजली नाही, भरली. दर एक-दोन वर्षांनी सफेदीचा एक हात, असे शंभर-दीडशे वर्षांचे थर. आत अक्षर बहुधा शाबूत आहे. बारीक सुरीने थर एकेक करून उतरवले तर कडा पुन्हा हाती लागतात, आणि त्या थरांत घराचे सगळे जुने रंगही सापडतात. आम्ही वाईला एका वाड्याच्या ओसरीत असे पाच रंग मोजले होते.

आंबोलीकर

रंगांवरून आठवलं. आमची आजी दिवाळीआधी घराला चुना काढायची, त्यात कपड्यांना घालायची नीळ टाकायची. भिंत पांढरी होण्याऐवजी निळसर व्हायची, आणि ती म्हणायची की माश्या कमी बसतात. तुमच्या व्हिस्क्रीचे जे फोटो नेटवर दिसतात त्यातली निळी घरं बघून मला आजीचं माजघर दिसलं. तोच निळा.

निळीशाई

आंबोलीकर, तोच निळा आहे! रोमानियनमध्ये 'सिनेआला' म्हणतात, कपड्यांची नीळ, आणि तीच चुन्यात घालून घरं रंगवायचे. ब्राशोव्हच्या बाजारात मी ती पुडी हातात घेतली तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं. व्हिस्क्रीतली सगळी घरं निळी नाहीत हो. पिवळट, हिरवी, गेरूसारखी लाल, तपकिरी, सगळी आहेत. निळ्याचे फोटो जास्त काढले जातात. नक्षी मात्र बहुतेक पांढरी ठेवतात, म्हणजे रंगीत भिंतीवर ती उठून दिसते.

चुनखडी

यात थोडी भर. नाव नीळ असलं तरी ही पूड झाडाच्या निळीची नव्हे, ती अल्ट्रामरीन. चुना तिखट असतो, पुष्कळ रंग त्यात मरतात. माती आणि लोखंडाच्या गंजाचे रंग टिकतात, म्हणून पिवळा आणि गेरू सगळीकडे. अल्ट्रामरीनही टिकतं. पण पूर्वी ते अफगाणिस्तानातला राजावर्त दळून करत, सोन्याच्या भावाचं. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकात फ्रान्स आणि जर्मनीत जमलं आणि मग स्वस्त होत गेलं. तेव्हा शेतकऱ्याच्या भिंतीवरचा हा निळा एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा नसावा. आंबोलीकरांच्या आजीच्या भिंतीवरचाही नाही.

पेग्निट्झकाठ

हा धागा माझ्यासाठीच काढला असावा असं वाटतंय. मी जर्मनीत न्युर्नबर्गला राहते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सॅक्सन आहेत, मेदियाशजवळच्या एका गावातल्या. न्युर्नबर्ग परिसरात हे लोक बरेच आहेत. दरवर्षी पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या ख्रिस्ती सणाला, इथल्या डिंकल्सब्युल गावात त्यांचा मेळावा भरतो, १९५१ पासून. आजी मला एकदा घेऊन गेल्या होत्या. प्रत्येक गावाचा फलक घेऊन लोक चालतात, आपापल्या गावचे पोशाख घालून. आपल्या दिंडीत गावोगावच्या पताका असतात ना, तसं मला वाटलं.

त्यांच्याकडून ऐकलेलं लिहिते. गाव 'नाखबारशाफ्ट'मध्ये वाटलेलं असायचं. म्हणजे शेजार, पण नियमांनी बांधलेला. एका आळीतल्या घरांचा एक शेजार, त्याचा निवडलेला एक वडीलधारा. निरोप द्यायचा असला की एक लाकडी फळी घरोघर फिरायची. ती आली की निरोप वाचायचा आणि पुढच्या दाराला पोचवायची. विहीर साफ करणं, मयतीचा खड्डा खणणं, कुणाचं घर बांधायचं असलं तर गाड्या आणि हात पुरवणं, सगळं शेजाराकडे. तेव्हा भिंतीवर नाव एकाचं असलं तरी ती भिंत उभी करायला सगळी आळी लागलेली असायची. आणि आपल्या भिंतीला रंग न काढता ठेवला तर शेजार बोलून दाखवायचा. आजी हे फार अभिमानाने सांगतात.

मग १९४५. जानेवारीत १७ ते ४५ वयाचे सॅक्सन पुरुष आणि १८ ते ३० च्या बायका सोव्हिएत खाणी-कारखान्यांत मजुरीला नेल्या. ट्रान्सिल्व्हेनियातून साधारण तीस हजार. आजींची आई त्यात होती. त्याच वर्षीच्या जमीनसुधारणेत शेती गेली. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनी एकेका माणसामागे पैसे मोजून लोकांना सोडवून नेत होती, आणि १९७४ च्या हुकमानुसार देश सोडणाऱ्याचं घर सरकारकडे जायचं. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि एकट्या १९९० मध्ये रोमानियातून एक लाखाहून जास्त जर्मन निघून गेले. आजी त्यातच. किल्ली शेजारच्या बाईंकडे देऊन निघाल्या. महायुद्धापूर्वी सव्वादोन-अडीच लाख असलेला समाज आता तिथे दहा-बारा हजारांच्या घरात उरलाय.

निळीशाई, तुमच्याकडे अक्षरांचे फोटो असतील तर मला पाठवा. मी आजींना दाखवते.

सडेतोड

सगळं वाचलं, आवडलं. पण एक बोलतो. आज त्या घरांत जे राहतात, रोमानियन असोत, रोमा असोत, हंगेरियन असोत, त्यांच्या बाजूने कुणीच बोललेलं नाही. तिथला हिवाळा कडक. लाकडी खिडकीतून वारा येतो, प्लास्टिकची बसवली की घर उबदार. बाहेरून थर्मोकोलचे तक्ते मारले की लाकूड कमी जळतं. त्यात नक्षी झाकली जाते हे खरं, पण घरात म्हातारं माणूस असेल तर मी तेच करीन. दुसऱ्याच्या आजोबाच्या नावासाठी त्यांनी थंडीत का राहावं? गावात येऊन फोटो काढणाऱ्यांना सल्ला द्यायचा हक्क किती?

निळीशाई

सडेतोड, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी स्वतः फोटो काढणारीच आहे, आणि तुमचा शेवटचा प्रश्न मला तिथे उभं असतानाही टोचतो.

पण गावातून पाहिलेलं सांगते. लाकडी खिडकी म्हणजे इथे एक खिडकी नसते, दोन असतात, आत एक आणि बाहेर एक, मध्ये वीतभर हवा. दुरुस्त केली की ती चांगली ऊब धरते. वारा येतो तो मोडकी झाल्यामुळे. आणि दुरुस्ती करणारे सुतार मिळत नाहीत, प्लास्टिकवाला मात्र फोन केला की आठवड्यात येतो. खरी अडचण ही आहे. व्हिस्क्री आणि आसपास मिहाई एमिनेस्कू ट्रस्ट वर्षानुवर्षं काम करतोय ते याच ठिकाणी. १९८७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली ही संस्था. गावातल्याच लोकांना गवंडीकाम, सुतारकाम, कौलं भाजणं शिकवायचं आणि त्यांच्याच हातून त्यांच्याच गावची घरं दुरुस्त करायची, ही पद्धत. म्हणजे मजुरी गावात राहते. इंग्लंडचे राजे चार्ल्स, तेव्हा युवराज, यांनी २००६ मध्ये व्हिस्क्रीत घर घेतलं, त्यामुळे पर्यटकही आले. २०१६ पासून 'स्मारकांची रुग्णवाहिका' नावाचा उपक्रम चालतो. अवजारांनी भरलेली गाडी आणि स्वयंसेवक घेऊन पडायला आलेल्या इमारती निदान कोसळू नयेत एवढी डागडुजी करतात.

तुमचा हक्काचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. पैसे आणि कारागीर न देता नुसतं 'नक्षी काढू नका' सांगणं अन्यायाचं आहे.

चुनखडी

सडेतोड, थर्मोकोलबद्दल एवढंच सांगतो. ओल असलेल्या जुन्या भिंतीला बाहेरून तो मारला तर दोन-तीन हिवाळ्यांत आतून बुरशी येते. म्हाताऱ्या माणसाला ते थंडीइतकंच वाईट. ऊब हवी तर आधी पोटमाळ्याच्या जमिनीवर जाड थर घाला, कारण उष्णता सर्वांत जास्त वर जाते. तिथे नक्षी नाही, कुणाचं नुकसान नाही, खर्चही कमी.

सडेतोड

हे माहीत नव्हतं. पटलं.

रानवाटा

अवांतर. व्हिस्क्रीत संध्याकाळी गाई एकट्या घरी येतात असं ऐकलंय, खरं का?

निळीशाई

खरं! उन्हाळ्यात गुराखी सगळा कळप मुख्य रस्त्याने आणतो आणि एकेक गाय आपापल्या दारासमोर वळून आत जाते. धूळ, घंटा, दाराशी उभ्या बायका. त्या वेळी उन्हं तिरपी असतात आणि भिंतीवरची नक्षी सर्वांत स्पष्ट दिसते, कारण प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते. फोटो काढायचे तर तीच वेळ. दुपारी या भिंती सपाट वाटतात.

पेग्निट्झकाठ

निळीशाई, फोटो मिळाले. आज आजींकडे दोन तास बसले होते. चष्मा पुसून पुसून पाहत होत्या.

सास्कीझच्या त्या घरावरची अक्षरं तुम्ही एकाच माणसाची समजला होतात. ती दोघांची आहेत. डावीकडची दोन नवऱ्याची, उजवीकडची दोन बायकोची, आणि बायकोच्या दुसऱ्या अक्षरात तिचं माहेरचं आडनाव आहे. खालचं बारीक वर्ष घर नव्याने सजवल्याचं. म्हणजे वरचं वर्ष एका पिढीचं आणि खालचं दुसऱ्या, पण दुसऱ्या पिढीने पहिल्या जोडप्याची अक्षरं पुसली नाहीत, नवी करून ठेवली.

मग त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल बोलल्या. हिरवं होतं. दोन खिडक्यांच्या मध्ये द्राक्षाचा एक घड आणि खाली त्यांच्या आजोबा-आजीची अक्षरं. पेंटेकॉस्टच्या आधी वडील चुना काढायचे आणि घडाभोवतीचं बारीक काम आजींकडे असायचं, कारण त्यांचा हात लहान होता. दारासमोर नासपतीचं झाड होतं. १९९० नंतर त्या परत गेल्या नाहीत. आता वय झालंय, जाणं होणार नाही. गावाचं नाव आणि घराचा नंबर लिहून दिलाय, तुम्हाला वेगळा पाठवते. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर एक फोटो.

निळीशाई

याच रविवारी जाते.

निळीशाई

जाऊन आले. घर आहे. नासपतीचं झाड नाही, त्याचा बुंधा आहे. भिंत आता फिकट पिवळी. खाली सिमेंटचा पट्टा, चुनखडींनी सांगितलं तसाच, आणि त्याच्या वर गिलावा खिडकीपर्यंत सुटलेला. घड अर्धा आहे. वरचे मणी आणि एक पान शिल्लक. अक्षरांपैकी आजोबांची गेली, आजीची दोन्ही आहेत.

मी रस्त्यावरून फोटो काढत होते तर छोट्या दारातून एक बाई बाहेर आल्या. रोमानियन, पन्नाशीच्या असतील. मी माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की या घरात लहानपणी राहिलेल्या आजी जर्मनीत आहेत आणि त्यांच्यासाठी फोटो घेतेय. त्यांनी मला आत बोलावलं. अंगणात बसवून कॉफी दिली. त्या लग्न होऊन या घरात आल्या, सासऱ्यांनी हे घर घेतलं होतं. भिंतीवरची अक्षरं गवंड्याची सही असेल असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. ती कुणाची आहेत ते सांगितल्यावर उठून बाहेर गेल्या आणि भिंतीसमोर उभं राहून, बोटाने हवेत गिरवत, दोनदा वाचली.

मग विचारलं, भिंत तेव्हा कोणत्या रंगाची होती? मी हिरवी म्हटलं. त्या म्हणाल्या, दाखवते. सुटलेल्या गिलाव्याचा एक पोपडा उचलून दिला. पिवळ्याच्या खाली पांढरा, त्याखाली निळसर, आणि सगळ्यांत आत हिरवा. तो पोपडा माझ्याकडे रुमालात आहे, पेग्निट्झकाठ, पत्ता कळवा, पाठवते. नवीन रंग त्या येत्या मेमध्ये काढणारच होत्या. हिरवा काढावा असं म्हणतायत, आणि सिमेंटचा पट्टा काढायला त्यांचा मुलगा तयार आहे. चुनखडी, चुन्यात टिकणारा हिरवा कोणता?

चुनखडी

हिरवी माती म्हणून मिळते तो मातीचा रंग, किंवा क्रोमियम ऑक्साइड. दोन्ही चुन्यात टिकतात. पट्टा काढल्यावर मेमध्येच रंग काढायची घाई करू नका, खालचा भाग निदान उन्हाळाभर उघडा राहू द्या, वरचा आधी रंगवला तरी चालेल. घड धुऊ नका, घासू नका, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. अर्धा आहे तो तसाच ठेवा, उरलेला कुणी माहीतगार गवंडी मिळाला तरच. रंग आधी मागच्या भिंतीवर हातभर जागेत लावून पाहा. ओला असताना गडद दिसतो, वाळल्यावर बराच उतरतो. पोपड्याचा रंग वाळलेल्याशी जुळवा, ओल्याशी नाही.

पेग्निट्झकाठ

फोटो दाखवला. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पान मी केलेलं आहे, देठ जरा वाकडा आहे बघ. त्या बाईंना सांगायला सांगितलंय की पाठीमागच्या कोठारात डावीकडे चुन्याचा खड्डा आहे, वर फळ्या असतील. त्यात चुना अजून असला तर वापरा, झाकून ओला राहिलेला चुना जितका जुना तितका चांगला.

निळीशाई

फोन केला. फळ्यांवर त्यांनी लाकडं रचून ठेवलीत. मुलगा शनिवारी काढून बघणार आहे.